हिरवा वाडगा

"हा हिरवा रंग कशाचा गं?" मालूमावशींनी वाडगा खिडकीच्या उजेडात धरून विचारलं.

"तांब्याचा. झिलई मी स्वतः शोधून काढलीय, मावशी," भाची इरावती म्हणाली. मावशींच्या नातीच्या उष्टावणासाठी तिने तो मातीचा वाडगा मुद्दाम चाकावर घडवला होता.

"तांब्याचा? कल्हई गेलेल्या पातेल्यातली आंबट आमटी खाऊन आम्ही ओकलेलो आहोत."

"हा भट्टीत भाजलाय. काही होत नाही."

"नसेल होत. पण घास माझ्या नातीच्या तोंडात जायचाय." मावशींनी अर्धं लिंबू वाडग्यात उपडं ठेवलं आणि वाडगा फडताळात सरकवला. इरावतीला राग आला, तरी ती हसली.

सकाळी मावशींनी लिंबू उचललं. खाली रुपयाएवढा पांढुरका डाग पडला होता; तिथला हिरवा रंग लिंबाने खाल्ला होता. इरावतीने तो ओढणीने, मग नखाने घासून पाहिला. गेला नाही.

मावशींनी चांदीची वाटी काढली. इरावतीने मात्र फोन घेतला. गेल्या रविवारी प्रदर्शनात असेच सहा वाडगे विकले गेले होते.

"नमस्कार, माझा हिरवा वाडगा घेतला होतात ना? त्यात... कुणी काही खाल्लं का हो?"