ओळखीच्या चपला

समोर नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या दाराशी चपलांचा ढीग दिसला की चांदवडकर डॉक्टरांचा जळफळाट व्हायचा. सगळ्या चपला ओळखीच्या, त्यांच्याच जुन्या पेशंटांच्या.

"मी नाडी धरताच सांगतो, काही झालेलं नाही, जा घरी. ही बाई तासभर नुसत्या गप्पा मारते!" ते कंपाउंडरपाशी धुमसले.

आज मात्र त्यांना राहवेना. तावातावानं रस्ता ओलांडून ते त्या दाराशी गेले आणि थबकले. ढिगात बायकोच्या चपला होत्या. ती तर देवळात जाते म्हणून निघाली होती.

उघड्या खिडकीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "काकू, छातीत एवढं दुखतंय, घरात डॉक्टर आहेत, त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. नाडी धरली आणि म्हणाले, काही झालेलं नाही, चहा टाक."