पाटलांच्याकडचा पावणा

"कुणाकडं आलायसा, पावणं?"

आवाज वरून आला. बाळासोने मान वर केली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई मेथी निवडत बसली होती. हात देठांवर चालले होते, नजर मात्र बाळासोवरून हलत नव्हती.

खरं सांगायची सोय नव्हती. समोरच्या बिल्डिंगमधला फ्लॅट बघायला आलोय म्हटलं, की ते एजंटाच्या कानावर जाणार आणि भाव चढणार. म्हणून त्याने कोल्हापुरात कुठंही खपेल असं उत्तर दिलं.

"पाटलांच्याकडं."

"कुठल्या पाटलांच्याकडं?"

"थोरल्या."

बाईने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

उद्या दुपारपर्यंत टोकन द्यायचं होतं. ते दोनपैकी कुठल्या फ्लॅटला, हाच सगळा घोळ होता. एक शहराबाहेरच्या नव्या सोसायटीतला, अठ्ठावन्न लाखांचा. दुसरा इथला, मंगळवार पेठेतला, चव्वेचाळीसचा. सोसायटी घेतली तर बाळासोचा अख्खा पगार हप्त्यात जाणार आणि घर बायकोच्या, नंदिनीच्या पगारावर चालणार. पण नंदिनी दवाखान्यात नर्स. तिची दुसरी पाळी सुटते रात्री साडेदहाला. बाळासो सोलर बसवायला चंदगडकडे गेला की दोन-दोन दिवस परतत नाही. "पैसे गेले तर जाऊ देत," ती म्हणाली होती, "पर मला भीत भीत जिना चढायचा न्हाय."

सोसायटी दोघांनी सकाळीच पाहिली होती. वॉचमनने मोबाइलमधून मान वर न काढता सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दोघं लिफ्टने सातव्या मजल्यावर गेले, गच्चीवर फिरले, मागच्या फाटकाने बाहेर पडले. जागोजागी कॅमेरे होते. त्या सलामाने तर बाळासोला साहेब झाल्यासारखं वाटलं. नंदिनी मात्र परतताना गप्प होती. तिला घर फार आवडलंय आणि आपल्याला परवडत नाही म्हणून ती गप्प आहे, असं त्याने ठरवून टाकलं.

आणि पेठेतला फ्लॅट एवढा स्वस्त म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरत असणार, असंही ठरवलं. मग गल्लीची परीक्षा घ्यायला तो एकटाच आला. एजंटाच्या ओळखीचं कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला, डोक्यावर टोपी चढवली. कुठल्या खांबावरचा दिवा लागतो ते पाहिलं. कुणाच्या खिडकीला जाळी आहे, कुणाच्या दाराला कसलं कुलूप आहे, त्याचे फोटो काढले. गल्लीत चोर येतात का, हे तो मन लावून तपासत होता. गल्लीही तेच तपासत होती, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

"दिलदारचाचा," बाईने हाक दिली, "पाटलांच्याकडं पावणं आल्यात बघा."

कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानातून चाचा आले. गळ्यात टेप तसाच होता. त्यांनी बाळासोकडे पाहिलं, त्याच्या गाडीकडे पाहिलं आणि चावी शांतपणे काढून खिशात टाकली.

"ह्या गल्लीत पाटील एक बी न्हाय," ते म्हणाले. "बसा."

बाळासो कट्ट्यावर बसला. बघता बघता भोवती गल्ली जमली. कुणीतरी रुमाल सोडायला लावला, कुणीतरी मोबाइलमधले कुलपांचे फोटो पाहिले. मग गॅलरीतल्या शालूबाई खाली उतरल्या, त्या हातात चहाचा कप घेऊनच. पकडलेला असला तरी माणूस पावणाच होता.

"घ्या. पर पळायचं न्हाय. नाव काय?"

"बाळासो."

"आडनाव?"

बाळासो कपात बघू लागला. आडनाव खरोखरच पाटील होतं. आता ते सांगितलं असतं तर गल्लीने थेट चौकीच गाठली असती.

"बायकोला फोन लावतो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "तीच सांगंल."

शालूबाईंनी फोन हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला. "बाई, तुमचं मालक आमी धरल्यात. टोपी घालून, तोंड बांधून कुलपांचं फोटू काढत हुतं. पाटलांच्याकडं आलोय म्हनत्यात, आन् गल्लीत पाटील न्हाईत."

बाळासोने डोळे मिटून घेतले. आता ही काय काय ऐकवणार, कोण जाणे. सोसायटीचं टोकन आजच भरून ये म्हणणार, हे तर नक्कीच.

"मावशी," नंदिनीचा आवाज आला, "किती येळात धरलंसा त्यास्नी?"

"येळ कसला त्यात? गाडी लावली तवापास्नं बघतोय की मी."

"आन् एखादी बाई रात्री अकराला एकटी गल्लीत आली तर?"

"तिला बी इचारनार, जेवलीस का म्हनून," शालूबाई म्हणाल्या. "माझं ध्यान असतंय."

फोनमधून आधी नुसतं खुदखुदणं ऐकू आलं, मग मोठ्याने हसणं. दिलदारचाचाही हसू लागले. चोर म्हणून धरलेला बाळासो इतका हसला की कपातला चहा पँटवर सांडला. का हसतोय ते त्याचं त्यालाही नीट कळलं नव्हतं.

"मावशी, त्यास्नी सोडू नगा," नंदिनी म्हणाली. "मी नंदिनी पाटील. टोकन घिऊन आलोच."