वाकोडे मॅडमचा राजीनामा

अकोल्याच्या एका कॉलेजात ज्योत्स्ना वाकोडे बारा वर्षं मुलींना फुटबॉल शिकवत होत्या. मैदान तेच, फाटक्या जाळ्या त्याच, आणि दरवर्षी लग्नापायी संघातून गळणाऱ्या मुलीही तशाच. अखेर अमरावतीच्या अकादमीतून प्रशिक्षक म्हणून बोलावणं आलं आणि त्यांनी राजीनामा देऊन टाकला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गोलकीपर चंदाचे वडील नत्थुजी कॉलेजात हजर.

"मॅडम, तुमच्या भरवशावर पोरीले गावोगावी खेळाले पाठोलं. आता तुमीच चालल्या, तं तिचं खेळनं बंद. लगन लावून देतो."

मॅडमनी परोपरीनं समजावलं, पण नत्थुजी ऐकेनात; तसेच तडक घरी निघून गेले. शेवटी दुपारी मॅडमनीच राजीनामा मागे घेतला आणि अमरावतीला फोन करून नकार कळवला. तिथल्या लोकांनी यादीतल्या पुढच्या प्रशिक्षकाला लगेच पत्रही धाडलं.

संध्याकाळी चंदा मैदानावर धावतच आली.


"मॅडम, अमरावतीच्या अकादमीत निवडलेल्या पोरींची यादी लागली, माहं नाव हाय! बाबा म्हनले, वाकोडे मॅडम तिथं चालल्या ना, मंग जाय बिनधास्त!"