मागच्या ईदचं माप

"काका, तुम्ही स्वतः कधी शिंप्याच्या दुकानात दिवसभर बसलायत का?"

सफूराने एकदाचं विचारून टाकलं. सेल्समनसमोर हिचं तोंडच उघडणार नाही, अशी पैज रचना आणि अंबरीन या मैत्रिणींनी शाळेच्या बसमध्ये लावली होती. उघडलं. अकरावीतली ही पोरगी अब्बांच्या मत्रह बाजारातल्या दुकानात कापडाच्या ताग्यांना टेकून ताठ उभी होती.

सॉफ्टवेअर विकायला आलेला राजीव हसला. दुबईत चाळीस टेलर हेच सॉफ्टवेअर वापरतात, म्हणाला. तयार माल, सीडी घातली की चालू.

अब्बांना पटत आलं होतं. मुस्तफा टेलर म्हणजे दिशदाशा, इथल्या पुरुषांचे पांढरे पायघोळ झगे, शिवणारा माणूस. ईद महिन्यावर आली होती आणि गिऱ्हाइकांची मापं अकरा वह्यांत पसरलेली. काजं करत बसलेली अम्मी तर केव्हाचीच राजी. शाळेत लायब्ररीचा प्रोग्रॅम लिहिल्यापासून सफूराने 'दुकानाचा मीच लिहिणार' असा घोशा लावला होता. सही झाली की ते खूळ खलास, वह्या माळ्यावर आणि पोरगी अभ्यासाला.

राजीवने करार पुढे सरकवला, तेवढ्यात फोन वाजला. दूरच्या सोहारहून जुनं गिऱ्हाईक, यासिरचे वडील. चार मुलगे, चार झगे, दरवर्षीसारखेच. मुलांना मापाला आणायला सवड नाही, चांदरातीआधी येऊन नेतो. अब्बा इन्शाल्ला म्हणाले आणि फोन ठेवला.

"यालाच शोधू," राजीव म्हणाला. नमुन्यासाठी त्याने एका वहीतली मापं आधीच भरली होती. बटण दाबलं आणि चारही पोरं पडद्यावर हजर. अब्बांनी पेन उचललं.

"ही मागच्या ईदची मापं," सफूरा म्हणाली. "त्याआधीची?"

"नवं भरलं की जुनं पुसलं जातं, बेटा. कचरा साठत नाही."

अब्बांचा हात थांबला. त्यांनी सात नंबरची वही काढली. एका घराला एक पान, एका पोराला एक ओळ, आणि ओळीत ईदमागून ईद वाढत गेलेली उंची. त्यावरून बोट फिरवत ते पुटपुटले, थोरला आता थांबत आलाय, धाकटा सुटलाय. टेपला हातही न लावता त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने तीन आकडे लिहिले; तिसऱ्या पोराचा तेवढा राहिला. सोहार, सूर अशा लांबच्या गावांतली कितीतरी मुलं अशीच, दुकानात पाऊल न टाकता, ईदला बेतशीर झग्यात मिरवत.

पुढच्या आवृत्तीत ही सोय करायला सांगतो, असं राजीव म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण सहीच्या आशेने करार त्याने अब्बांसमोरच ठेवला.

"मी लिहिलं तर काहीच पुसलं जाणार नाही," सफूरा म्हणाली.

अब्बांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं? मग सांग, तिसऱ्याला किती वाढवू?"

तिने ओळ वाचली. एका वर्षी एक इंच, मग परत एक, मग दीड. "दोन," ती छातीठोक म्हणाली.

"दीड. बाप माझ्या खांद्याला लागतो, पोरगं जाऊन जाऊन किती जाणार? आणि खाली दोन इंच दुमडून ठेवायचे. कमी पडलं तर सोडता येतात."

यातलं काहीच वहीत नव्हतं. सफूराचे कान तापले. अम्मी गालातल्या गालात हसली. सफूराने मात्र वही मिटली नाही, उलट मागचं पान काढलं, त्याच्या मागचंही, आणि मग मान वर केली.

"अब्बा, अम्मी, ठरलं. या ईदला कॉम्प्युटर नाही, तयारही नाही आणि माझाही नाही. प्रोग्रॅम पुढच्या ईदला मी लिहिणार. तोवर शाळा सुटली की इथे येणार, रोज." तिने काउंटरमागची, अब्बांच्या शेजारची जागा दाखवली. "उद्यापासून मला तिथे एक स्टूल लागेल."