सूड की बाग

ते १९६९ साल. मार्गिलानच्या नाटकघरात त्या वसंतात पंचवीस दिवस कुणी रंगमंचावर पाऊलच ठेवलं नव्हतं. नवा दिग्दर्शक नईमजान मॉस्कोहून शिकून आला होता. आधी टेबलाभोवती बसायचं, पात्रांच्या मनातलं हुडकायचं, मगच उभं राहायचं, असा त्याचा नियम.

नाटक फरगाना खोऱ्यातल्या एका ऐकीव गोष्टीवर बेतलेलं. जर्दाळूच्या बागेसाठी धाकटा भाऊ थोरल्याला मारतो. थोरल्याची विधवा सगळं ठाऊक असून त्याच्याशीच निकाह लावते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहातून त्याला विष देते. बाग तिची होते.

"तिला सूड हवा होता की बाग?" नईमजानने विचारलं. "सोलिहा-ओपा, शुक्रवारपर्यंत उत्तर शोधा. नाहीतर ही भूमिका गुलचेहरा करेल."

सोलिहा एकोणपन्नास वर्षांची, सगळ्यांची ओपा, म्हणजे ताई. सात वर्षं तिच्या वाट्याला नुसत्या शेजारणी आणि सासवा आल्या होत्या. ही भूमिका हातची गेली की पुढे तेच, हे तिला कळत होतं.

"सूडच," दिराचं काम करणारे तुर्दी-आका, म्हणजे तुर्दीदादा, म्हणाले. "नाहीतर एवढ्या देखण्या नवऱ्याला कोण मारेल?"

"देखणा? आरशाला विचारलंत का, आका?" गुलचेहरा म्हणाली. "मला विचाराल तर बाग."

गुरुवारी दुपारी सोलिहा हमरोबीबीकडे गेली. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारी म्हातारी. सगळे तिला खोला म्हणत, म्हणजे मावशी.

"खोला, सूड की बाग?"

"ती चहा कसा देते, वाच बघू."

"'पियाला काठोकाठ भरून पुढे करते.'"

"तू देतेस का पाहुण्याला काठोकाठ?"

"देईन कशी? घोटभर ओतायचा, संपला की पुन्हा ओतायचा. काठोकाठ म्हणजे पी आणि चालता हो." सोलिहा थबकली. "अगं बाई! ती त्याला जायला सांगतेय."

"सांगतेय ना. त्याला जरा स्वाभिमान असता तर पियाला ठेवून उठला असता, जगला असता. त्याला दिसलं एवढंच, की आपल्याला जास्त मिळालं."

"आणि मग ती रडते, असं लिहिलंय."

"छे. रडत नाही. भांडी धुते."

"तुम्हाला कसं हो सुचतं हे?"

"तीस वर्षं त्या खड्ड्यात काढलीत, पोरी. वरच्या बायका काय काय करतात, सगळं खालून दिसतं."

शुक्रवारी सोलिहाने उत्तर दिलंच नाही. चहाची किटली उचलली, नईमजानचा पियाला काठोकाठ भरला आणि शांतपणे त्याच्यापुढे ठेवला. तो खुर्चीतून अर्धा उठला.

"माझं काही चुकलं का, ओपा?" म्हणाला, आणि तसाच थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"मला भरून दिला असतास तर मी प्यालोच असतो," तुर्दी-आका म्हणाले.

"तुमचंही पात्र सापडलं, आका," नईमजान म्हणाला.

नाटक नऊ वर्षं चाललं. नईमजान पुढे ताश्कंदला मोठ्या नाटकघरात गेला. गुलचेहराने कोकंदच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि शाळेत मुलांची नाटकं बसवू लागली. तुर्दी-आका अखेरपर्यंत स्वतःला देखणेच समजत राहिले. सोलिहाने अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ती विधवा केली. शेवटी ती भांडी धुवायला बसली की नाटकघरात कुणी खोकायचंही नाही.

हमरोबीबी १९७६ मध्ये गेली. मूलबाळ नव्हतं. दफन तिच्या सासरच्या गावी झालं. वर्षभराने सोलिहा तिथे कबरीवर दगड बसवायला गेली. गावातल्या एका म्हाताऱ्याने तिला कबर दाखवली.

"ही बघ, मधली. या बाजूला तिचा पहिला नवरा, त्या बाजूला दुसरा. सख्खे भाऊ होते. धाकटा बिचारा निकाहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेला."