भुजलीचं नाव

चैतराम सायकल धरून तलावाच्या वरच्या पायरीवर उभा होता. गंगा टोपली घेऊन उतरायला लागली तसा तो पुढे आला.

"गंगावहिनी, आमच्या वहिनीले तुम्हीच इचारा. घरात थे कोनाले काई बोलत नाई. भुजलीले खरं सांगन."

"काय इचारू?"

"सालेकशाकडचा मानूस हाये. बायको वारली त्याची. धानाचं वावर हाये, बैलजोडी हाये. देव बी जुळतेत, आमचे सात, त्याचे सहा, आकडा येगळा म्हणून सोयरीक चालते. आज हो म्हणली तं उद्याच निरोप धाडतो."

गंगाच्या डोक्यावरची टोपली एकदम जड झाली. टोपलीत गव्हाचे कोंब होते. घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवलेले, म्हणून हळदीसारखे पिवळे. हीच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी केशोरीच्या बाया ती तलावात शिरवतात, आणि चार कोंब राखून जिवाभावाच्या बाईच्या कानावर खोवतात. ते एकदा खोवले की दोघी एकमेकींच्या भुजली. त्यानंतर एकमेकींचं नाव कधीच घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी येतं, भुजलीचं तिथंही नाही. घेतलं तर नातं तुटलं, नारळ फोडून ते नव्यानं जोडावं लागतं.

कोहळ्यांची सून गंगा आणि गोंडांची धनवंता, चैतरामची वहिनी, याच पायरीवर भुजली झाल्या होत्या. कोणी नाक मुरडलं नव्हतं. तलाव कोहळ्यांनी बांधलेला, पलीकडचं रान गोंडांचं, आणि भुजली दोघांची.

काल मारुतीच्या देवळात लीलाधर महाराज राधेवर बोलले. गळा असा की ऐकताना दिव्याची वातसुद्धा स्थिर व्हावी. "राधेचं प्रेम देहाचं नव्हतं बरं, माउली!" टाळ थांबले, बायांनी माना डोलावल्या. गंगानंही डोलावली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या भुजलीच्या गुडघ्याची ऊब तिच्या गुडघ्याला लागली. तिला वाटलं, महाराजांना देवानं सगळं सांगितलं, हे एक तेवढं सांगायचं राहून गेलं.

नवरा दुधराम चांगला माणूस. त्याचा हात अंगावर आला की गंगा मनात विठ्ठल विठ्ठल म्हणत पडून राही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, वावरातल्या खोपटात, भुजलीचा हात आला तेव्हा विठ्ठलही आठवला नव्हता. नंतर आठवला, तर तो रागावलेला वाटला नाही. याचीच तिला भीती वाटत होती.

धनवंता गुडघाभर पाण्यात उभी होती. विधवेला कोणी उखाणा घ्यायला लावत नाही, म्हणून ती आधीच उतरली होती. गंगा शेवटच्या पायरीवर थांबली.

"चैतराम काय म्हणून रायला?" धनवंतानं विचारलं.

"तुले इचार म्हणते. सालेकशाकडचा..."

"ठाव हाये मले." धनवंतानं कोंबांच्या मुळांची माती पाण्यात धुतली. "आमच्यात दुसरं घर केलं तं पाप नाई. तू सांग. जा म्हणशीन तं जाईन, थांब म्हणशीन तं राईन."

"मी कोन सांगनारी?"

"तेच तं इचारून रायली मी. कोन?"

गंगानं डोक्यावरची टोपली उतरवून कमरेवर घेतली. थांब म्हणावं, तर द्यायला काय होतं तिच्याजवळ? चैतरामच्या घरचा ओटा, लोकांच्या वावरातली रोवणी, आणि कीर्तनात गुडघ्याला गुडघा. जा म्हणावं, तर उद्याच निरोप जाणार होता. त्या माणसाचे देव जुळतात हे यांनी पाहून घेतलं. हिचे आणि माझे जुळतात का, ते कोणी पाहिलं? पाहायचं कोणाच्या मनात तरी आलं असतं का?

"काऊन वो गंगाबाई, तिथंच मूळ धरलं का?" मागून पुष्पाबाई ओरडली. ती वाट अडवून एकेकीकडून उखाणा वसूल करत होती. "नाव घेतल्याबिगर पान्यात पाय नाई टाकायचा!"

"लाजून रायली थे, नवी नवरी!" कोणीतरी म्हटलं. बाया खिदळल्या.

दुधरामचा उखाणा गंगाला पाठ होता. दरवर्षीचाच. तिनं टोपली छातीशी धरली, पाण्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"अंधारात वाढली, म्हणून भुजली पिवळी,
धनवंताचं नाव घेते, शिरवायच्या वेळी."

पाण्यावरून ते नाव पलीकडच्या रानापर्यंत गेल्यासारखं वाटलं. मग एकच हशा उसळला.

"अगे माय! नातं तोडलं वो इनं!"

"नारळ काढ, नारळ! दंड हाये!"

"दुधरामदादाले सांगा कोनी, जेवन सोडन बिचारा!"

गंगा हसली नाही. टोपली तिच्या हातून कधी सुटली तिला कळलं नाही. पिवळे कोंब मातीसकट पाण्यावर पसरत चालले होते. धनवंताही हसली नाही. दरवर्षीसारखे गंगाच्या कानावर खोवायला उचललेले चार कोंब तिच्या हातात तसेच राहिले होते.

वरून चैतरामनं हाक मारली, "का वो गंगावहिनी, काय म्हणली?"

धनवंतानं वर पाहिलंही नाही.

"थांब जरा, भाऊ. आयकू दे मले," ती म्हणाली. मग एक पायरी वर येऊन, फक्त गंगाला ऐकू जाईल अशा आवाजात,

"अजून एक डाव नाव घे."