रेन चेक

मुलांनो, एक खिडकी डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघरातली, सिंकच्या वरची. बाहेर लहानसं अंगण, त्याला लागूनच शेजारचं अंगण आणि पलीकडे एक पांढरं दार. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, १९८५ सालच्या एप्रिलमध्ये, मालिनी नावाची एक आई दर शनिवारी सकाळी या खिडकीशी उभी असायची. हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. आता तुम्हीही तिच्या शेजारी उभे राहा आणि बाहेर बघा.

"जा, विचारून ये," ती दहा वर्षांच्या लतिकाला म्हणे. "म्हणावं, नदीवर येताय ना?"

पांढऱ्या दारामागे मिसेस हॅलम राहत. साठीच्या बाई, गेल्या हिवाळ्यात इंग्लंडहून मुलाकडे आलेल्या. मुलगा दिवसभर कामावर. मालिनीला टीव्हीवरच्या बातम्या कळत, पण बाईंचं इंग्रजी काही केल्या कळत नसे. निम्मे शब्द त्या गिळूनच टाकत. लतिकाला मात्र सगळं समजे. म्हणून दोघींच्या मध्ये लतिका.

मार्चमध्ये एकदा तिघी नदीकाठी फिरून आल्या होत्या. निघाल्या तेव्हा ऊन होतं, पुलाशी पोचल्या तेव्हा गारा. मालिनीने साडीवर नवऱ्याचं, एकनाथचं, फुगीर जाकीट चढवलं होतं. तिने पदर ओढून बाईंच्या डोक्यावर धरला. बाई काहीतरी म्हणाल्या.

"त्यांच्या इंग्लंडमध्ये लंचच्या आधीच चारही सीझन होऊन जातात म्हणे," लतिकाने सांगितलं.

मालिनी खळखळून हसली. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणी सोडून इथे राहायला आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसत होती. पुलावर लतिकाच्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. लतिका बुटाची लेस बांधायला खाली वाकली आणि गारा थांबेपर्यंत बांधत राहिली.

यापुढे दर शनिवारी यायचं, असं दोघींनी खाणाखुणांनीच ठरवलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आभाळ भरलेलं होतं. लतिका शेजारी जाऊन परत आली.

"शी सेज, रेन चेक."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे पाऊस येईल, आज नको. नंतर कधीतरी."

संध्याकाळी एकनाथने मालिनीला समजावलं. "बेसबॉलचं आहे ते. पावसाने मॅच कॅन्सल झाली की तेच तिकीट पुढच्या मॅचला चालतं. नाही म्हणायची अमेरिकन तऱ्हा, दुसरं काय! आमच्या ऑफिसात रोज चार जण देतात."

"नाही कुठे म्हणाल्या त्या? नंतर येते म्हणाल्या," मालिनी म्हणाली.

दुसऱ्या शनिवारी तिने खिडकीतून नीट पाहिलं. बाईंनी लतिकाचं बोलणं ऐकलं, आभाळाकडे पाहिलं, मान हलवली आणि लतिकाच्या गालावरून हात फिरवला. मालिनीने खिडकीतून हात केला. बाईंनी दोन्ही हात छातीशी नेले.

"रेन चेक," लतिका आत येत म्हणाली. तिच्या हातात पिशवीभर लिंबं होती आणि मधाची बाटली.

"हे कशाला?"

"जस्ट लाइक दॅट."

मालिनीने त्या लिंबांचं लोणचं घातलं. मुरलं की बरणी नेऊन द्यायची, असं तिने ठरवलं.

तिसऱ्या शनिवारी लख्ख ऊन होतं. तरी रेन चेक.

"अगं, पण ऊन पडलंय की!"

"शी डझन्ट ट्रस्ट इट, आई."

"खरंच. गारांचा मार खाल्लाय ना बिचारीने," मालिनी म्हणाली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला.

चौथ्या शनिवारीही रेन चेक. पुऱ्या दुपारी जेवतानाच संपवल्या. संध्याकाळी लतिका टीव्ही बघत असताना तिने हळूच विचारलं, "माझ्याबरोबर चालायची लाज वाटत असेल का गं त्यांना? साडीमुळे?"

लतिकाने टीव्हीवरची नजर काढली नाही. "मे बी."

त्या आठवड्यात मालिनीने एकनाथबरोबर जाऊन एक पँट विकत घेतली. आरशासमोर उभं राहून एक इंग्रजी वाक्य घोकलं. मे महिन्यातला पहिला शनिवार उजाडला, तशी ती पँट घालून, लोणच्याची बरणी घेऊन स्वतःच निघाली.

"आई, थांब! मी विचारून येते!" लतिका मागून धावली.

"आज मीच विचारते."

पांढरं दार उघडलं. आत दोन सुटकेसी भरून ठेवलेल्या होत्या. मालिनीला बघताच बाईंनी तिला मिठीच मारली. मालिनीने घसा साफ केला.

"टुडे, नो रेन. सो, नो रेन चेक. प्लीज."

बाई भराभर बोलू लागल्या. नेहमीसारखेच गिळलेले शब्द. त्या जे बोलल्या ते मराठीत असं: "उठलात एकदाच्या! चार शनिवार ही पोर येऊन सांगतेय, आईला बरं नाही, डॉक्टरांनी कोणाला भेटायला येऊ देऊ नका म्हटलंय. घशाला मध-लिंबू लागू पडलं का? मंगळवारी मी कायमची परत चाललेय, म्हणजे हा शेवटचाच शनिवार. थांबा, कोट घालून आलेच. पण हे तुम्ही काय म्हणालात? रेन चेक? रेन चेक म्हणजे काय?"

त्यातले दोनच शब्द मालिनीला कळले. तिचा चेहरा उतरला.

"आजपण तेच?" तिने लतिकाला विचारलं.

लतिकाने वर पाहिलं. आभाळात एकही ढग नव्हता.

"हो, तेच," ती म्हणाली.

मालिनीने बरणी दारातच खाली ठेवली आणि वळून अंगण ओलांडू लागली. ती पुरेशी लांब जाईपर्यंत लतिका थांबली. मग मिसेस हॅलमकडे वळून हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "ताप डोक्यात गेलाय तिच्या. काहीही बोलते."